चौथ्या हौदाची दाबफळी

आमच्या वाख कारखान्याच्या मासिकात गेल्या महिन्यात दीड ओळीची निधनवार्ता छापून आली : ‘हौद विभागातील निवृत्त मदतनीस यांचे दीर्घ आजाराने निधन झाले.’ त्याच पानावर, तिच्या वरच्या बाजूस, नव्या सायकल स्टँडचे चार स्तंभी छायाचित्र होते. मी संपादकांना रीतसर पत्र लिहून ‘मदतनीस’ या शब्दाला हरकत घेतली. मदत आम्ही करत होतो. काम त्या करत होत्या. पत्राची पोचही आली नाही. प्रयोगशाळेत चोवीस वर्षे सहायक म्हणून काढलेल्या माणसाला पोच न येण्याची सवय असते. तरीही या वेळी गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

सगळा कारखाना त्यांना हौदमावशी म्हणत असे. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत, आणि कोपरापासून खालचे दोन्ही हात कायम चहाच्या रंगाचे. एकतीस वर्षे त्यांनी चौथा हौद सांभाळला.

सांभाळला म्हणजे काय, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. अंबाडीचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काडीच्या सालीत असतो. तिथले तंतू एकमेकांना आणि आतल्या लाकडाला एका खळीसारख्या पदार्थाने चिकटलेले असतात. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याने सांधलेल्या असतात तोच हा पदार्थ, पेक्टिन. माणसाने जोर लावून साल सोलली तर तंतू तुटतात. म्हणून काड्यांच्या जुड्या बांधून पाण्यात बुडवतात आणि कुजू देतात. त्या पाण्यातले काही जिवाणू आपल्या अंगातून एक विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतात. ते विकर नेमकी ती खळी विरघळवते आणि वाख अलगद सुटतो. अडचण अशी की, त्याच पाण्यात दुसऱ्या जातीचे जिवाणूही असतात. त्यांचे विकर खळीवर थांबत नाही, ते तंतूच्या भिंतीच खाऊ लागते. मग वाख दिसायला वाख असतो, पण ओढला की कापसासारखा हातात येतो. आमच्या सहा हौदांपैकी पाचांत हे गणित कधी जमे, कधी फसे. मावशी कामावर असेपर्यंत चौथ्यात ते फसल्याची माझ्या नोंदवहीत एकही नोंद नाही.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी मला हौदांची पाहणी करायला धाडले होते. चौथ्या हौदात जुड्यांवर एक जाडजूड काळी फळी आडवी पडलेली पाहिली. जुड्या तरंगू नयेत म्हणून वर दाब लागतो, हे मला ठाऊक होते. पण इतर हौदांवर सिमेंटचे ठोकळे होते आणि इथे हे बुरसटलेले लाकूड. मी नवखा, नुकती पदवी घेतलेला. बदलायला हवी ही, असे मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो.

मावशींनी मला नखशिखान्त न्याहाळले. “मास्तर, जपून बोला. सासूबाई आहेत त्या. त्या वर बसल्याशिवाय सुना खाली राहत नाहीत.”

मी मास्तर नव्हतो. पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मी मास्तरच झालो, आणि फळी माझ्याही तोंडी सासूबाई झाली. अहवालांत अर्थातच मी ‘लाकडी दाबफळी’ असे लिहीत असे.

त्यांची काम करण्याची रीत साधी होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवलीही नाही. हौद कधी पूर्ण रिकामा करायचा नाही; तळाशी वीतभर जुने पाणी राहू द्यायचे. फळी कधी घासायची नाही. आणि जुड्या कधी काढायच्या ते दिवस मोजून ठरवायचे नाही. जुडीच्या मधली एक काडी उपसायची, मोडायची, दोन बोटांत साल धरून आतले लाकूड ओढायचे. ते जसे सुटेल त्यावरून त्या सांगत, आज संध्याकाळी, किंवा उद्या दुपारी. मी प्रयोगशाळेत ताण मोजण्याच्या यंत्रावर त्यांचा वाख तपासत असे. यंत्राने त्यांना कधी खोटे पाडले नाही.

पुढे आमच्याकडे नवे प्रयोगशाळाप्रमुख आले. हुशार गृहस्थ, पण आपल्या हुशारीला साक्षीदार लागतो अशा जातीचे. चौथ्या हौदाच्या पाण्यात खळी विरघळवणारे विकर इतर हौदांच्या कितीतरी पट आहे आणि तंतू खाणारे जवळजवळ नाही, हे आकडे मी काढले होते. त्यांनी ते पाहिले आणि त्या पाण्यातून नेमका तो जिवाणू वेगळा करून चंबूत वाढवायचे ठरवले. मी सात महिने खपलो आणि जिवाणू वेगळा झाला. संवर्धनाच्या, म्हणजे कल्चरच्या, नोंदवहीत ‘उगम’ या रकान्यात प्रमुखांनी मला लिहायला सांगितले : सांडपाणी, हौद क्रमांक चार. मी सुवाच्य अक्षरात तसे लिहिले.

मग आदेश निघाला की, शुद्ध संवर्धन हाताशी असल्यामुळे जुन्या घाणीचे प्रयोजन उरलेले नाही. सर्व हौद रिकामे करून क्लोरीनच्या पाण्याने धुवावेत, लाकडी सामान टाकून द्यावे.

मावशी प्रयोगशाळेत आल्या त्या पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. चपला दाराबाहेर काढून त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. “पाणी नेलंत, न्या,” त्या म्हणाल्या, “पण घर पाडू नका.”

प्रमुखांनी त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितले की, घरातली किमती वस्तू आता कपाटात सुरक्षित आहे. मी चंबू काढून दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, हलवला नाही. हे खातं काय, असे त्यांनी मला विचारले. साखर, थोडे क्षार, मी सांगितले. काडी नाही का? मी म्हणालो, काडीची गरजच नाही, उलट साखरेवर ते लवकर वाढते.

“मग ते काम कशाला करील?” चंबू माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या. “आयतं ताट समोर आलं की माणूससुद्धा स्वयंपाक विसरतो.”

प्रमुख मनापासून हसले. हे वाक्य त्यांनी पुढे दोन परिषदांत विनोद म्हणून सांगितले. मीही हसलो होतो, हे इथे नोंदवले पाहिजे.

हौद धुतले गेले. चौथ्या हौदाच्या भिंती घासताना मावशी तिथे नव्हत्या. त्या साल सोलणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये, त्यांच्या सुनेशेजारी, पाठ करून बसल्या होत्या. सून तिथेच कामाला होती. सासूसारखीच कमी उंचीची, आणि जिभेने तिच्याहून दोन बोटे पुढे. ती मला नंतर म्हणाली की, इतक्या वर्षांत त्यांना रिकाम्या हातांनी बसलेले तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्याच महिन्यात त्यांची निवृत्ती होती. निरोपाच्या भेटीसाठी कारखान्याची यादी ठरलेली असते, भिंतीवरचे घड्याळ किंवा स्टीलचा डबा. मावशींनी यादी बाजूला सारली आणि फळी मागितली. ती भंगाराच्या ढिगावर पडली होती. कार्यालयात हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, सासूला घरी नेणारी सून पहिल्यांदाच पाहिली. प्रमुखांनी मोठ्या मनाने परवानगी दिली आणि फाटकाबाहेर नेण्याचा पास मला लिहायला लावला. मी लिहिले : ‘भंगार लाकूड, एक नग, निरुपयोगी.’ खाली त्यांनी सही केली. प्रत्येक कागदाची कार्बन प्रत ठेवायची मला खोड आहे आणि तिच्यावरून माझी बरीच थट्टा होते. ती प्रतही मी ठेवली.

फळी हातगाडीवर घालताना मावशी हलक्या आवाजात मला म्हणाल्या, “पाण्याचं राहू द्या. सगळं हिच्यात मुरलंय. वाळली की झोपते, मरत नाही.”

मला ते कळायला हवे होते. त्या जातीच्या जिवाणूंना कठीण दिवसांत बीजाणू करून वर्षानुवर्षे पडून राहता येते, हे मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याला गुण मिळवले होते. पण ज्ञान एका खणात आणि हौदमावशी दुसऱ्या खणात, अशी माझ्या डोक्याची मांडणी होती.

त्याच सुमारास, नव्या स्वच्छतेच्या उत्साहात, प्रमुखांच्या सांगण्यावरून मी कारखान्यासाठी आरोग्य नियमावली तयार केली. कलम चार असे होते : बाहेरून आणलेली कोणतीही वस्तू हौद विभागात नेण्यापूर्वी फाटकावरील क्लोरीनच्या हौदीत किमान अर्धा तास बुडवून ठेवावी. त्या कलमाच्या भाषेचा मला अभिमान होता. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

दोन वर्षे चंबू चालला. तिसऱ्या वर्षी जुड्या पंधराव्या दिवशीही ताठ होत्या. काडी मोडली की कटकन मोडे आणि साल चिकटूनच राही. आणखी आठ दिवस ठेवल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू माजले आणि वाख करडा, भुसभुशीत होऊन बाहेर आला. मी चंबूतले संवर्धन तपासले. जिवाणू होते, ठणठणीत होते, भराभर वाढतही होते. विकर तेवढे सोडत नव्हते. इतक्या पिढ्या साखरेवर काढल्यावर काडी फोडण्याचे काम त्यांच्या अंगातून गेले होते. मी अहवालात ‘क्रियाशीलतेचा ऱ्हास’ असे लिहिले. मावशींनी उंबऱ्यात उभे राहून हेच सांगितले होते.

प्रमुखांनी मला बोलावून दार लावून घेतले. त्या बाईंकडे जुने पाणी असेल का, असे त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत विचारले.

मावशींचे घर दोन खोल्यांचे होते. त्या पडल्या होत्या आणि कमरेचे हाड मोडल्यापासून खाटेवरच होत्या. फळी खाटेसमोरच्या भिंतीशी दोन विटांवर ठेवलेली, तिच्यावर पांघरुणांच्या घड्या. सुनेने मला पाणी दिले आणि न विचारताच तक्रार सुरू केली, “बघा मास्तर, माझ्या नशिबी दोन सासूबाई. एक बोलते, दुसरी वास मारते. आणि दुसरीला पुसायचीही बंदी.”

“पहिलीला तरी कुठं पुसतेस,” मावशी खाटेवरून म्हणाल्या.

मी आलो कशासाठी ते त्यांना सांगावे लागले नाही. पाणी नाही, त्या म्हणाल्या. पाणी तुम्ही गटारात सोडलंत. मग त्यांनी फळीकडे पाहिले. त्यांच्याजवळ जतन करण्यासारखे ते एवढेच होते, आणि मी ते पुन्हा त्याच लोकांच्या हाती द्यायला सांगत होतो. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. फळी कोणी घासायची नाही. आणि पहिल्या जुड्या त्यांनी सांगितल्याशिवाय काढायच्या नाहीत. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सून आणि मी हातगाडीवरून फळी आणली. फाटकावर प्रवेशाचा अर्ज लागतो. अर्जावर प्रमुखांची सही लागते. प्रमुख फोनवर होते; मला त्यांनी हाताने थांबायची खूण केली आणि मी थांबलो. वरिष्ठाच्या दारात ताटकळत उभे राहणे मला इतके अंगवळणी पडले आहे की, किती वेळ गेला ते मला कळलेही नाही. सही घेऊन परतलो तेव्हा गाडी रिकामी होती. सून फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती; तिचे फाटकवाल्याने ऐकले नव्हते. फळी क्लोरीनच्या हौदीत बुडालेली होती आणि ती वर येऊ नये म्हणून फाटकवाल्याने तिच्यावर दगडही ठेवला होता.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. फाटकवाला प्रामाणिक माणूस. तो बिचकला, पण नियमाला धरून होता. भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, “साहेब, कलम चार. खाली तुमचीच सही आहे.”

घड्याळाप्रमाणे फळी पाऊण तास बुडालेली होती. आम्ही ती काढून साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. गाडीवर घालताना सून माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

चौथ्या हौदात ताजे पाणी भरले होते. जुड्या रचल्या, वर फळी ठेवली. संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. वाटेत मी एक वाक्य घोटून ठेवले होते, सगळे व्यवस्थित झाले म्हणून. त्यांनी विचारले, “बसल्या का सासूबाई?” आणि ते वाक्य मी सोडून दिले. मी घडले ते सगळे सांगितले, कलम कोणी लिहिले त्यासकट.

त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एकच प्रश्न विचारला, “तासली तर नाही ना कोणी?”

“नाही.”

“मग वरचं गेलं असेल. एकतीस वर्षं प्यायलेलं लाकूड आहे मास्तर, पाऊण तासात किती ओकणार?” आणि मग, जणू मीच आजारी आहे अशा आवाजात, “रोज उचलून बघू नका. सारखं सारखं तोंड बघायला गेलं की त्या चिडतात.”

मी फळी उचलली नाही. पण हौदाच्या काठावर रोज तीनदा जाऊन उभा राहिलो. पाचव्या दिवशी, जेव्हा पूर्वी पाणी बुडबुडू लागे, तेव्हा ते आरशासारखे स्वच्छ होते. सहाव्या दिवशी प्रमुख आले, पाण्याकडे पाहून मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की, भावनेच्या भरात आपण एक हौदभर जुड्या वाया घालवल्या, हरकत नाही, पाणी सोडून द्या. तोपर्यंतच्या नोकरीत मी त्यांना किंवा त्यांच्या आधीच्या कोणालाही नाही म्हटले नव्हते. मी म्हणालो, पाणी सोडायचे असेल तर लेखी आदेश द्या. लेखी द्यायला ते कधीच तयार नसत, याची मला खात्री होती. पाणी राहिले.

नवव्या दिवशी सकाळी फळीच्या कडेने मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक रांग दिसली. मी गुडघे टेकून वास घेतला. तोच आंबूस, कोंदट वास, ज्याला आम्ही सगळे वर्षानुवर्षे नाके मुरडत होतो. दुपारपर्यंत पाणी गढूळ झाले. मी नमुना घेऊन विकर मोजले. आकडा लहान होता, पण दुसऱ्या दिवशी तो दुप्पट होता. प्रयोगशाळेपासून शेडपर्यंत मी त्या दिवशी भराभर चालत गेलो. सुनेने मला लांबून पाहिले आणि हातातली साल खाली ठेवून पदराने डोळे पुसले. मी पोचेपर्यंत तिचा चेहरा नेहमीसारखा झाला होता. “सुटली वाटतं वाचा सासूबाईंना,” एवढेच ती म्हणाली.

सोळाव्या दिवशी मावशींना खुर्चीत बसवून हौदापर्यंत आणले. मी जुडीच्या मधली काडी उपसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मोडली, साल बोटांत धरून लाकूड ओढले.  प्रमुख म्हणाले, सुटतेच आहे की, काढू या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “उद्या दुपारी,” त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जुड्या काढल्या. तो वाख मी यंत्रावर लावला. नोंदवहीत त्या पानावर आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

मग त्यांनी फळी परत मागितली. प्रमुख चकित झाले. पाणी तयार झाले आहे, पाहिजे तर वीतभर राखू, फळी इथेच सन्मानाने ठेवू, असे बरेच काही ते बोलले.

“इथं ठेवली तर पुन्हा कोणीतरी धुईल,” मावशी म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता.

तेव्हापासून दर हंगामाला फळी पासावर आत येऊ लागली आणि पासावर बाहेर जाऊ लागली. प्रमुखांनी या सर्वावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ‘लाकडी नमुन्यातून मूळ संवर्धनाचे पुनरुज्जीवन’ असे म्हटले आहे. नमुना दोन विटांवर, पांघरुणांच्या घड्यांखाली कोणी जपला, ते त्यात नाही. आकडे माझे आहेत. आभाराच्या यादीत मी शेवटून दुसरा आहे.

मावशी गेल्यानंतर बाराव्या दिवशी सुनेच्या हाती कारखान्याचे पत्र पडले. कारखान्याच्या मालकीची दाबफळी आपल्या ताब्यात असल्याचे समजते, ती आठ दिवसांत परत करावी. सून ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. मी कपाटातून कार्बन प्रत काढली. शाई फिकी झाली होती, तरी अक्षर माझे आणि सही प्रमुखांची, दोन्ही वाचता येत होते : भंगार लाकूड, एक नग, निरुपयोगी. आम्ही पत्राला उत्तर म्हणून त्या प्रतीची नक्कल जोडली, एक शब्दही जास्त न लिहिता. त्यानंतर पत्र आलेले नाही.

कलम चार मात्र अजून पाटीवर आहे. ते बदलावे असे तीन अर्ज मी केले. तिन्ही विचाराधीन आहेत. म्हणून या हंगामातही फळी आली तेव्हा सून हातगाडीशेजारी, फळीवर तळहात टेकवून, फाटकात उभी राहिली. फाटकवाल्याने हौदीकडे बोट केले.

“ह्यांची आंघोळ झालीय,” ती म्हणाली, आणि मी प्रमुखांची सही घेऊन येईपर्यंत तिने हात उचलला नाही.